मशीनवर फोडलेला नारळ

बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात आमच्या घरी एक रंगीत पत्रक आलं. ‘उन्हाळी जैवतंत्रज्ञान संशोधन शिबिर. घडवू या उद्याचे शास्त्रज्ञ.’ पत्रकावर एक गोरी मुलगी काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्याकडे बघून हसत होती. पुढे महिनाभर त्या शिबिरात मला निळं पाणी कुठं दिसलं नाही. हसू मात्र रोज येत होतं, आणि ते तोंडावर हात ठेवून दाबावं लागत होतं.

आमचं घर गडहिंग्लजचं. बाजारात अप्पांचं मिरचीचं दुकान आहे. अप्पा म्हणजे माझे वडील आणि अव्वा म्हणजे आई; कर्नाटक हाकेवर असल्यामुळे आमच्याकडे हीच नावं चालतात. अप्पांचा शब्द बाजारात प्रसिद्ध. एकदा ‘देतो’ म्हणाले की भाव वर जावो नाहीतर खाली, पोतं ठरल्या दरानंच जाणार. या गुणाचा बाहेरच्यांना फार फायदा आणि घरच्यांना फार ताप. कारण घरातही ते शब्द देतात, आणि तो आम्हाला मागून मिळालेला नसतो.

पत्रक त्यांनी उलटसुलट करून बघितलं.

“हितं काय करत्यात?”

“बाटलीत रोप वाढवायला शिकवतात. उसाच्या कोंबापासून.”

“बाटलीत? मातीबिगर?”

“व्हय.”

अप्पांनी पत्रकाची घडी घातली. “मग असं करू. मावशीकडं ऱ्हा, शिबिर कर. बाटलीत रोप आलं तर पुढं कोल्हापुरात शीक, मी आडवा यायचा न्हाय. न्हाय आलं तर हितं गावातल्या कॉलेजात नाव घालायचं. शब्द दिला.”

गावातल्या कॉलेजात नाव घालायचं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मुलीला विचारा. कॉलेज नावापुरतं आणि पाहुणे मुलगी बघायला यायला मोकळे. माझ्या दोन चुलतबहिणी त्याच वाटेनं गेल्या. एकीची पदवी तिच्या बाळाच्या बारशाला आली. मला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं होतं आणि ते सगळं आता एका बाटलीवर येऊन बसलं होतं. अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली, “लेकराचं आयुष्य काय मिरचीचा सौदा हाय व्हय?” पण शब्द सुटला होता, आणि सुटलेला शब्द परत घेणं हे अप्पांच्या रक्तात नाही.

मी राजारामपुरीत मावशीकडे येऊन राहिले. शिबिर शहरातल्या एका कॉलेजात होतं. पहिला दिवस फोटोत गेला. ॲप्रन सगळ्यांना एकाच मापाचे होते, त्यामुळे निम्मे शास्त्रज्ञ गुडघ्यापर्यंत आणि निम्मे घोट्यापर्यंत झाले होते. माझ्या शेजारी एका डॉक्टरांचा मुलगा होता. त्याला परदेशात जायचं होतं. त्याच्या आईनं पहिल्याच दिवशी संचालकांना गाठून विचारलं, “सर्टिफिकेटवर ‘रिसर्च’ हा शब्द मोठ्या अक्षरात येईल ना?” संचालक म्हणाले, “मॅडम, सर्टिफिकेटं छापून तयार आहेत.” संशोधन अजून सुरू व्हायचं होतं, पण ते यशस्वी झाल्याचं सही-शिक्क्यासह कपाटात पडलेलं होतं.

संचालक म्हणजे त्या शिबिराचा आत्मा. रोज सकाळी येऊन ते आम्हाला ‘माझ्या बाल वैज्ञानिकांनो’ म्हणायचे आणि प्रयोगशाळेच्या दारातूनच परत जायचे. आत शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांचं काम तासावर, कंत्राटावर, जूनपर्यंत. त्यामुळे त्यांचा आवाज संचालक असताना एक आणि नसताना एक असा होता. नसतानाचा मला फार आवडायचा.

“हवेत सगळीकडं बुरशीचे बीजाणू आहेत,” मॅडमनी शिकवलं. “डोळ्यांना दिसत नाहीत. केसांवर आहेत, कपड्यांवर आहेत. बाटलीतली ही जेली म्हणजे साखरेचं जेवण. आपण ते उसाच्या कोंबासाठी वाढतो, पण एक बीजाणू जरी आत गेला तर पहिली पंगत त्याची. म्हणून हात स्पिरिटनं पुसायचे, चिमटा जाळावर धरायचा आणि काम या मशीनमध्ये करायचं.”

मशीन म्हणजे एका बाजूनं उघडं असलेलं स्टीलचं मोठं कपाट. त्याच्या पाठीला जाळी आणि जाळीमागे जाड गाळणी. त्या गाळणीतून गाळलेली स्वच्छ हवा कामाच्या जागेवर येत राहते, म्हणजे बाहेरचं काही आत शिरत नाही. मशीन नवं कोरं होतं. शहरातल्या एका पुढारी साहेबांनी देणगी म्हणून दिलेलं. त्याला लाल रिबीन बांधलेली होती.

“सर, मग सुरुवात करू का?” मॅडमनी विचारलं.

संचालक दचकले. “उद्घाटनाआधी? साहेबांस्नी काय वाटंल?”

साहेबांना गुरुवारपर्यंत सवड नव्हती. तोपर्यंत आम्ही आपापल्या संशोधनाला नावं दिली. डॉक्टरांच्या मुलानं इतकं लांब नाव दिलं की ते दोन ओळींत बसेना. मी नुसतं ‘उसाचं रोप’ लिहिलं. संचालकांनी ते खोडून त्यात ‘शाश्वत’ आणि ‘जागतिक’ हे शब्द घातले.

गुरुवारी साहेब आले, बरोबर चार गाड्या भरून माणसं आली. आपल्याकडे ट्रॅक्टर घेतला तरी त्याची पूजा होते, मोटारसायकलीची होते, अप्पांच्या वजनकाट्याची दर दसऱ्याला होते. त्यात वावगं काही नाही. मीही हात जोडते. पण ट्रॅक्टरला कितीही कुंकू लावलं तरी त्याचं काही बिघडत नाही. आम्ही या मशीनलाही ट्रॅक्टरच समजलो.

आधी हळदकुंकवाची बोटं उठली, थेट जाळीवर. मग जाळीला झेंडूचा हार बांधला. केळ्यात खोचलेल्या उदबत्त्या आत ठेवल्या. मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा, हातातली कढई उलटी झाल्यावर होतो तसा झाला होता. साहेबांनी नारळ हातात घेतला आणि इकडे तिकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, “बाहेर पायरीवर फोडूया की, साहेब.” संचालक म्हणाले, “छे, छे! बाहेर फोडला तर पूजा पायरीची होईल. मशीनवरच फोडा.” साहेबांचा हात जड. स्टीलच्या फळीवर नारळ असा काही फुटला की पाणी जाळीतून थेट गाळणीवर गेलं. टाळ्या झाल्या. खोबरं वाटलं. मी खाल्लं, गोड होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. उसाच्या शेंड्याचं एकेक पान सोलत आतला पांढरा कोवळा कोंब काढायचा आणि तो बाटलीत ठेवायचा. कोंब करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यावर माझी पुढची सगळी वर्षं. बाटलीचं झाकण लावल्यावर मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, ये बाबा. आलास तर कोल्हापूर आणि नाही आलास तर पोह्यांचे ट्रे.

चार-पाच दिवसांत सगळ्या बाटल्यांत पांढरा कापूस उगवला. मग कापसावर काळे ठिपके आले. एकही बाटली सुटली नाही. प्रयोगशाळेला पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा वास यायला लागला.

संचालकांनी दारातूनच पाहणी केली आणि निदान केलं. “पूजेत कायतरी ऱ्हायलं.”

मग दुसरी पूजा झाली. यावेळी नारळ दोन. एक जुन्या चुकीबद्दल आणि एक नवीन कामासाठी. पुन्हा मशीनवरच. आम्ही पुन्हा कोंब काढले, पुन्हा कापूस उगवला, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर. तेव्हा संचालकांनी मशीनला लिंबू-मिरची बांधायला लावली. मिरच्या बघून मला घर आठवलं आणि रडू आलं. मिरची आमच्याच भागातली होती, हे देठावरून कळत होतं.

रोज रात्री फोन वाजायचा. अप्पा तब्येत विचारायचे नाहीत, जेवण विचारायचे नाहीत. “आलं का?” एवढंच. मी म्हणायची, “अजून न्हाय.” मागून अव्वाचा आवाज यायचा, “अवो, रोप हाय ते, एस.टी. न्हवं, टायमात यायला.”

तिसऱ्या खेपेच्या दिवशी वीज गेली. मशीन बंद पडलं. बाकीचे सगळे खाली रसवंतीवर गेले. माझा कोंब सोलून तयार होता. मी मॅडमना विचारलं, “टेबलावर करू का?” त्या म्हणाल्या, “कर. आम्ही शिकलो तेव्हा कुठलं मशीन होतं? स्पिरिटचा दिवा लाव, त्याच्या अगदी जवळ काम कर आणि बोलू नको.” मी तसंच केलं. वीज आल्यावर बाकीच्यांनी मशीनमध्ये केलं.

त्यांच्या बाटल्यांत कापूस आला. माझ्या बाटलीत नाही आला. जेली काचेसारखी स्वच्छ.

मला आधी वाटलं, नशीब. मग वाटलं, नशीब नेमकं वीज गेल्यावरच का यावं? मी मॅडमना विचारलं तर त्यांनी दाराकडे बघितलं आणि मलाच उलट विचारलं, “तुला काय वाटतं?” मी म्हटलं, “मशीनमध्येच काहीतरी बिघडलंय.” त्या म्हणाल्या, “वाटून काय उपयोग? बघ.”

मग आम्ही नुसत्या जेलीच्या ताटल्या भरल्या, कोंबाशिवाय. एक ताटली मशीन चालू करून त्याच्यासमोर उघडी ठेवली. एक तेवढाच वेळ टेबलावर दिव्याशेजारी. एक झाकून तशीच. मी रोज सकाळी पळत येऊन आधी त्या बघायची. झाकलेली कोरी राहिली. दिव्याजवळची जवळजवळ कोरी. आणि मशीनपुढच्या ताटलीत असं काळं दाट पीक आलं की एखाद्या शेतकऱ्याला हेवा वाटावा.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “गाळणी भिजली आहे. नारळाचं पाणी, त्यात साखर. बुरशी गाळणीतच वाढतेय. आता हे मशीन हवा गाळत नाही, बुरशी पेरतंय.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं, आणि ते मला कळलं होतं. मी म्हटलं, “चला, सरांना सांगू.” मॅडमनी ताटल्यांची झाकणं लावली. त्या आदल्याच दिवशी सरांना सांगून आल्या होत्या. संचालकांनी त्यांना शांतपणे विचारलं होतं, “म्हणजे साहेबांच्या नारळामुळं झालं, असं तुमचं म्हणणं? सहीनिशी लिहून द्याल?” मॅडमनी दिलं नव्हतं. त्यांच्या घरी दोन शाळेतली मुलं होती आणि कंत्राट जूनमध्ये संपत होतं. मला त्यांचा राग आला नाही. संचालकांचा इतका आला की त्या रात्री मी मावशीशीही नीट बोलले नाही.

आणि माझ्या स्वच्छ बाटलीतला कोंब? तो तपकिरी पडून बसला होता. सोलताना माझा हात खोल गेला होता. बुरशी नव्हती आणि रोपही नव्हतं. नवीन कोंब लावायला दिवस उरले नव्हते.

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी एका टेम्पोतून खोकी आली. खोक्यांत बाटल्या होत्या, आणि प्रत्येक बाटलीत उसाच्या हिरव्यागार रोपांचा दाट झुबका. कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेतून विकत आणलेला. त्यावर आमच्या नावांच्या चिठ्ठ्या डकवायचं काम आम्हालाच दिलं. डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, “माझं जरा जास्त चांगलं आलंय.” तो चेष्टा करत नव्हता.

माझ्या नावाची बाटली मी उजेडात धरली. खरं सांगते, ती मला फार आवडली. कोल्हापूर असं हिरवंगार बाटलीत भरून कुणीतरी हातात दिलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर आम्हा मुलींना लहानपणापासून पैकीच्या पैकी गुण मिळतात.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. पांढरी टोपी, कपाळावर विभूती, कडक इस्त्रीचा सदरा. अंगाला मिरचीचा वास, तो कुठल्याही साबणानं जात नाही. प्रयोगशाळेतच कार्यक्रम होता. साहेब एकेका पालकाच्या हातात त्यांच्या मुलाची बाटली देत होते आणि फोटो निघत होता. अप्पांनी ती बाटली दोन्ही हातांनी घेतली, नैवेद्याची वाटी घ्यावी तशी. डोळ्यांजवळ नेली. फिरवून बघितली. आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आलं की गं!”

मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. मला त्यांना कोल्हापुराला हो म्हणायला लावायचं होतं, पण ते मनातून हो म्हणायची वाटच बघत होते, हे मला तिथं कळलं.

तेवढ्यात संचालकांनी माईक घेतला. सोमवारपासून दुसरी तुकडी सुरू होणार होती. “समारोपाचा आणि नव्या तुकडीचा नारळ आज आपले ज्येष्ठ पालक, गडहिंग्लजचे पावणं, आपल्या हस्ते मशीनवर फोडतील.” टाळ्या. अप्पांच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्या हातात कुणीतरी नारळ दिला. ते मशीनकडे निघाले. मान मोठा होता आणि चाल त्या मानाला शोभेल अशी सावकाश होती.

“अप्पा, थांबा,” मी म्हणाले. “तिथं फोडू नका.”

ते थांबले.

“तिथं फोडल्यामुळंच सगळ्यांची रोपं मेली. आणि ते रोप माझं न्हाय. कुणाचंच न्हाय. कालच्या टेम्पोतनं इकत आणलंय.”

माईक चालूच होता, त्यातून फक्त खरखर येत राहिली. संचालक हसले. “पोर आहे, दमलीय.” साहेब म्हणाले, “म्हंजे? मी फोडलेल्या नारळानं मेली?” मी कपाटातून ताटल्या काढल्या आणि अप्पांपुढे धरल्या. ही मशीनपुढची. ही दिव्याजवळची. ही झाकलेली. मी सगळं सांगितलं. पाणी कुठं गेलं, गाळणी कशी भिजली, वीज गेली तेव्हा काय झालं. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचं नाव मी घेतलं नाही. मग शेवटी माझी खरी बाटली दाखवली, तपकिरी कोंबाची. “हे माझं. आलं न्हाय.”

अप्पांनी काळ्या ताटलीचा वास घेतला. तोंड वाकडं केलं. नंतर हिरवी बाटली टेबलावर ठेवली, नावाची चिठ्ठी भिंतीकडे करून. नारळ घेऊन ते सावकाश चालत बाहेर गेले, पायरीवर एका दणक्यात फोडला, आणि पहिला तुकडा साहेबांपुढे धरला.

“घ्या साहेब, परसाद. देव भायेर बी असतोय.”

साहेबांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी एका पेपरात पायरीवर नारळ फोडणाऱ्या अप्पांचा फोटो आला, खाली लिहिलं होतं की शिबिराचा समारोप उत्साहात झाला. आम्हाला सगळ्यांना सर्टिफिकेटं मिळाली. माझ्या सर्टिफिकेटवर ‘रिसर्च’ हा शब्द मोठ्या अक्षरात आहे.

समारोपाच्याच संध्याकाळी परतीच्या एस.टी.त अप्पांनी दोन तिकिटं काढून खिशात जपून ठेवली. कागल गेलं, निपाणी गेली. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. रोप आलं तर, असा शब्द होता. रोप आलं नव्हतं. हे मीच माईकसमोर सांगितलं होतं, त्यामुळे आता तक्रार करायची सोयही नव्हती. संकेश्वरला त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि स्वतः पुढे बघत बसले.

घरी अव्वा दारातच होती. “आलं का रोप?”

“न्हाय आलं,” अप्पा म्हणाले. टोपी काढली, खुंटीला अडकवली, पाय धुतले, पुसले. मी उंबऱ्याशीच उभी होते.

“मी शब्द दिलतो, रोप आलं तर कोल्हापूर,” ते म्हणाले. “आलं न्हाय. शब्द शब्द असतोय.” मग अव्वानं दिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. “पर हिला आता कोल्हापूरला धाडायलाच पायजे. न्हायतर ती लोकं परत मशीनवर नारळ फोडत्यात.”